चिठ्ठी, तिकीट आणि गुणवत्ता

माझी आत्या महिला आरक्षणाच्या विरोधात आहे. वय ब्याऐंशी. १९७२ साली महागाईविरुद्ध मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत ती होती. गोरेगावच्या शाळेत शिकवायची, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मोर्चाला गेली होती. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघींची भाषणं तिनं समोर बसून ऐकली आहेत. धान्य, रॉकेल, पाणी मागायला बाईनं कुणाच्या परवानगीची वाट बघायची नसते, हे ती तिथं शिकली आणि नंतर सासरी-माहेरी सगळ्या मुलींना शिकवत राहिली. मीही तिच्याच हाताखाली शिकले.

माझी भाचीसुद्धा आरक्षणाच्या विरोधात आहे. चोवीस वर्षांची. पुण्यात सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरते ती रात्री दहाला उठते. राज्यसेवेची तयारी चालू आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरभरतीत स्त्रियांना ३० टक्के समांतर आरक्षण आहे, ते तिला टोचतं. ‘‘उद्या माझं नाव यादीत लागलं तर लोक म्हणणार, मुलगी होती म्हणून लागलं,’’ हे तिचं दुखणं आहे आणि ते खरं आहे. मी तिच्या तोंडून ते इतक्यांदा ऐकलंय की ते खोटं म्हणण्याची माझी छाती होणार नाही.

मधली मी. सातारा, सांगली, सोलापूर या भागांत ग्रामपंचायतीवर निवडून आलेल्या बायकांची प्रशिक्षणं घेण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी आरक्षणाच्या बाजूची. त्यामुळे आमच्या घरात वाद पेटला की ब्याऐंशी आणि चोवीस एका बाजूला होतात आणि पन्नाशी ओलांडलेली मी दुसऱ्या बाजूला उरते. जुनी माणसं मागे ओढतात आणि नवी पुढे जातात, हा पिढ्यांच्या भांडणाचा सोपा हिशेब आमच्या घरात लागू पडत नाही. बायकांच्या राजकारणाचा इतिहास पाहिला तर तो देशातही कधी लागू पडलेला नाही.

यंदा वादाला निमित्त झालं सरपंचपदाच्या सोडतीचं. आमच्या गावची चिठ्ठी ‘सर्वसाधारण महिला’ अशी निघाली. गावात तीन पुढारी गुडघ्याला बाशिंग बांधून होते. दोन दिवसांत त्यांच्या बायकांचे हात जोडलेले फोटो व्हॉट्सअपवर फिरायला लागले, आणि प्रत्येक फोटोच्या मागे नवऱ्याचा त्याहून मोठा फोटो. आत्या म्हणाली, ‘‘हे बघ तुझं आरक्षण. तीन गडी इच्छुक होते, आता त्यांच्या तिघी बायका इच्छुक.’’ भाचीनं विचारलं, ‘‘मावशी, यांतल्या एकीची तरी लायकी कुणी पाहिली का?’’

हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्याला उडवून लावणाऱ्या कार्यकर्त्या मी पाहिल्या आहेत. मला ते पटत नाही. पण त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

आत्याची भूमिका ही तिच्या आधीच्या पिढीची देणगी आहे. १९३० साली पहिल्या गोलमेज परिषदेला गेलेल्या राधाबाई सुब्बरायन आणि बेगम जहाँआरा शाहनवाज यांनी कायदेमंडळात स्त्रियांसाठी काही जागा राखून ठेवाव्यात, असं मत मांडलं. देशातल्या प्रमुख महिला संघटनांनी मात्र १९३१ साली एकत्र येऊन सरळ सांगितलं, आम्हाला सर्व प्रौढांना मताधिकार हवा, राखीव जागा नकोत. तरीही १९३५ च्या कायद्यानं प्रांतिक कायदेमंडळांत स्त्रियांना ४१ राखीव जागा दिल्याच, त्याही धर्मानुसार वाटून. या वाटणीचा राग त्या पिढीच्या मनात खोल बसला होता आणि त्याला कारणही होतं. सरकार स्त्रियांच्या नावावर हिंदू-मुसलमान असे कप्पे पाडत होतं.

हंसा मेहता यांचं उदाहरण तर आत्याला पाठ आहे. जन्म सुरतचा, कार्यक्षेत्र मुंबई. १९३७ च्या निवडणुकीत त्यांनी राखीव जागेवरून उभं राहायला नकार दिला, सर्वसाधारण जागेवरून लढल्या आणि निवडून आल्या. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत उभ्या राहून त्याच म्हणाल्या की, आमच्या संघटनेनं कधीच राखीव जागा मागितल्या नाहीत. आम्हाला हवा आहे तो सामाजिक, आर्थिक आणि राजकीय न्याय. पुढच्या वर्षी रेणुका राय यांनीही स्त्रियांच्या राखीव जागांना तितकाच स्पष्ट विरोध केला. घटना समितीत एकूण पंधरा स्त्रिया होत्या. स्वतंत्र देशात आपल्याला कुणी बाई म्हणून अडवणार नाही, असा त्यांच्या पिढीचा विश्वास होता. तो विश्वास मोठा होता. मी आजही त्यांच्याविषयी आदरानंच बोलते.

पण त्याच काळात नागपुरात वेगळं काही घडत होतं आणि आपल्या शाळा-कॉलेजांतल्या पुस्तकांत ते फारसं येत नाही. जुलै १९४२ मध्ये तिथं दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचना डोंगरे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजर होते आणि हजारो बायका आल्या होत्या. त्या परिषदेनं घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरणीतल्या कामगार बायकांच्या सुट्ट्यांचा विषय काढला, मुलींसाठी वसतिगृहं मागितली. आणि कायदेमंडळांत व लोकप्रतिनिधींच्या इतर संस्थांत आपल्या समाजातल्या स्त्रियांसाठी जागा राखून ठेवाव्यात, अशीही मागणी केली.

नागपूरच्या बायका आणि दिल्लीच्या घटना समितीतल्या बायका यांच्यात चारच वर्षांचं अंतर. पिढी एकच. तरी एकीकडे राखीव जागा म्हणजे कमीपणा आणि दुसरीकडे राखीव जागा म्हणजे हक्क. हा फरक वयाचा नव्हता. हंसाबाईंचे वडील संस्थानात दिवाण होते, त्या स्वतः परदेशात शिकून आल्या होत्या. त्यांच्यासाठी सभागृहाचं दार निदान किलकिलं तरी होतं. नागपूरला जमलेल्या बायकांना ते दार दिसतही नव्हतं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकासाठी १९८० च्या दशकात खेड्यापाड्यांत फिरून या बायकांच्या आठवणी गोळा केल्या नसत्या, तर ही दुसरी बाजू आपल्यापर्यंत पोचलीच नसती. आत्याला मी हे पुस्तक वाचायला दिलं होतं. तिनं ते दोन दिवसांत संपवलं आणि बराच वेळ त्याविषयी बोलली. मत मात्र बदललं नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. तिनं ते मत आयुष्य खर्चून कमावलेलं आहे.

स्वातंत्र्यानंतर पंचवीस वर्षांनी दिल्लीवाल्या पिढीचा विश्वास तपासून पाहण्याची वेळ आली. १९७१ साली सरकारनं स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करायला समिती नेमली. फुलरेणू गुहा अध्यक्ष, वीणा मजुमदार सदस्य-सचिव. तीन-एक वर्षं देशभर फिरून समितीनं जे पाहिलं त्यानं सदस्यही हादरले. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांची संख्या घटत होती, रोजगारातला वाटा आक्रसत होता, राजकारणातलं स्थान नावापुरतं होतं. तरीही समितीच्या बहुमतानं कायदेमंडळातलं आरक्षण नाकारलं. दोघींनी मात्र भिन्नमतपत्रिका जोडली, वीणा मजुमदार आणि लतिका सरकार. दोघी प्राध्यापक, दोघी त्याच समानतेच्या वचनावर वाढलेल्या. आम्ही स्वतः कधी अशा सवलतीच्या बाजूच्या नव्हतो, पण जे पाहिलं त्यानंतर जुन्या मतावर राहता येत नाही, असा त्यांचा सूर होता. माझ्या लेखी भारतीय स्त्रियांच्या राजकीय इतिहासातला हा सर्वांत प्रामाणिक क्षण आहे. त्यांना स्वतःला आरक्षणाची गरज नव्हती. ज्यांना होती त्यांच्या घरी जाऊन त्या आल्या होत्या.

महाराष्ट्रानं पुढचं पाऊल देशभराच्या कायद्याआधी टाकलं. १९९० पासून इथं स्थानिक स्वराज्य संस्थांत ३० टक्के जागा स्त्रियांना मिळाल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती लागू होऊन देशभर एक तृतीयांश झाल्या आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात निम्म्या. त्याआधी जिल्हा परिषदेत, पंचायत समितीत स्वीकृत सदस्य म्हणून एखाद-दुसरी बाई घेतली जायची, तीही बहुधा कुणाची तरी पत्नी किंवा विधवा.

आता भाचीच्या प्रश्नाकडे येते. लायकी कुणी पाहिली?

ती मला एक यादी दाखवते. केंद्रीय नागरी सेवा परीक्षेत स्त्रियांना आरक्षण नाही. तरी २०२२ च्या परीक्षेत पहिले चारही क्रमांक मुलींचे आले. ‘‘मग राजकारणात का नाही?’’ असं ती विचारते. याचं उत्तर तिच्याच यादीत आहे. परीक्षेचा अर्ज कुणीही भरू शकतं. हॉल तिकीट मिळवायला कुणाच्या बंगल्यावर जाऊन बसावं लागत नाही. सगळ्यांना एकच पेपर, उत्तरपत्रिकेवर नाव नाही. निवडणुकीत यातलं काहीही नसतं. तिथली खरी परीक्षा मतदानाच्या आधीच, बंद दाराआड होते आणि तिचं नाव तिकीट. एबी फॉर्म शेवटच्या रात्री कुणाच्या हातात पडतो हे ज्यानं जवळून पाहिलंय, तो राजकारणातल्या गुणवत्तेविषयी जपून बोलेल. पैसा किती लावणार, जातीची मतं किती, मुलं किती जमवणार, कारखाना कुणाचा, दूध संघ कुणाचा, हे तिथले प्रश्न. पुरुष उमेदवाराची लायकी कुणी पाहिली, हा प्रश्न माझ्या भाचीनं मला आजवर एकदाही विचारलेला नाही. हा तिचा दोष नाही. तो विचारायचा असतो, हे तिला कुणी शिकवलंच नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत उभ्या राहिलेल्या उमेदवारांत स्त्रिया दहा टक्क्यांहून कमी होत्या. निवडून आल्या ७४, म्हणजे ५४३ पैकी सुमारे साडेतेरा टक्के. अपक्षांत पुरुषांचा भरणा फार असतो, म्हणून ही तुलना फार ताणू नये. पण बाईला लोक मत देत नाहीत, ही पक्षांची आवडती सबब या आकड्यांपुढे टिकत नाही. लोक मत देतात. तिकीट मिळत नाही. महाराष्ट्र स्थापन झाल्यापासून आजवर राज्याला एकही स्त्री मुख्यमंत्री लाभलेली नाही आणि २८८ आमदारांत पंचवीस स्त्रियाही नाहीत. फुले-सावित्रीबाईंचं नाव प्रत्येक सभेत घेणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

गुणवत्तेचा निकष कायद्यात घालून पाहण्याचा प्रयोगही आपल्या देशात झाला आहे. हरियाणानं २०१५ मध्ये पंचायत निवडणुकीसाठी शिक्षणाची अट घातली. सर्वसाधारण पुरुषाला दहावी, स्त्रीला आठवी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. ऐकायला अट बरी वाटते. पण ज्या बाईला दहाव्या वर्षी शाळेतून काढून शेतावर पाठवलं, तिला चाळिसाव्या वर्षी सांगायचं की तू शिकली नाहीस म्हणून अपात्र? आणि त्याच देशात आमदार, खासदार, मंत्री होण्यासाठी चौथीचाही दाखला लागत नाही. लायकीची मोजपट्टी फक्त खालच्या पायरीवरच्या माणसाला लावायची असेल तर ती मोजपट्टी नव्हे, कुंपण आहे.

माण तालुक्यातल्या एका बाईंविषयी सांगते. नाव-गाव सांगत नाही, त्यांना तिथंच राहायचं आहे. राखीव जागेवर सरपंच झाल्या. शिक्षण सातवी. पहिलं वर्षभर कारभार नवऱ्यानंच केला. मासिक सभेला तेच खुर्चीवर, बाई घरी. शिपाई वही घेऊन यायचा, चुलीजवळ बसून त्या सही करायच्या. आमच्या प्रशिक्षणात मी प्रोसिडिंग बुक कसं वाचायचं ते शिकवत होते. सभेचा ठराव आधी लिहिला जातो, मग सही होते, एवढं साधं. त्या मधेच उठून म्हणाल्या, ‘‘बाई, म्या तर कोऱ्या पानावर सह्या करतीया.’’ वर्गातल्या निम्म्या बायका खाली बघायला लागल्या.

पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की आता कोऱ्या पानावर सही बंद. ग्रामसेवक चिडला, नवरा दोन दिवस बोलला नाही. मग त्यांनी वही घरी आणू नका, मीच कार्यालयात येते, असं कळवलं. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते हे त्यांना प्रशिक्षणात कळलं होतं. ती सभा त्यांनी खरोखर घेतली, कागदावर नाही. तिथं बायकांनी पहिला विषय काढला टँकरचा. टँकर वरच्या आळीत रिकामा होतो आणि खालच्या वस्तीला उरलंसुरलं मिळतं. टँकर कुठं थांबणार याचा ठराव झाला. ज्या आळीला आधी जास्त पाणी मिळत होतं तिथल्या लोकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायचा प्रयत्न केला, तो फसला.

या बाईंची लायकी निवडणुकीच्या आधी कुठल्या परीक्षेत दिसली असती? ती होतीच, पण खुर्चीवर बसल्याशिवाय ती ना गावाला कळली असती, ना नवऱ्याला, ना त्यांना स्वतःला. आत्याच्या मृणालताई १९५० च्या दशकात गोरेगावच्या ग्रामपंचायतीतूनच सुरू झाल्या होत्या. १९५८ साली पती गेले, पदरात लहान मुलगी, आणि पुढे पाण्याच्या प्रश्नानं त्यांना आधी महापालिकेत, मग विधानसभेत, मग १९७७ मध्ये लोकसभेत नेलं. आत्या म्हणते, त्यांना कुणी राखीव जागा दिली होती? नाही दिली. पण सेवा दलासारखी संघटना पाठीशी होती, समाजवादी कार्यकर्त्यांचं घर होतं, शहर होतं. माणमधल्या बाईंच्या पाठीशी चिठ्ठीखेरीज काहीही नव्हतं. मृणालताई दोन हजार बायकांत एक निघतात. आरक्षण हे उरलेल्यांसाठी आहे.

आत्या आणि भाची जिथं बरोबर आहेत ते आता सांगते, कारण ते आरक्षणाच्या बाजूनं बोलणारे फारसे सांगत नाहीत.

माणमधल्या बाईंची मुदत संपली. त्यांना पुन्हा उभं राहायचं होतं. पण पुढच्या सोडतीत सरपंचपद खुलं झालं. गटाच्या बैठकीत त्यांना सांगितलं गेलं, आता बायकांची जागा नाही, आता गड्याला संधी. खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात, प्रत्येक पक्षात तोच अर्थ चालतो. पाच वर्षं काम शिकलेली बाई पुन्हा चुलीजवळ, आणि तिथं नव्यानं कुणीतरी.

याच कारणासाठी शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या विरोधात मत दिलं. १८६ विरुद्ध १, त्यातलं ते एक. ज्या माणसानं नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचा प्रचंड मेळावा भरवला, ज्याच्या संघटनेच्या पुढाकारानं जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटीखेडा इथं कायद्याची वाट न पाहता सगळ्या बायकांच्या ग्रामपंचायती निवडून आल्या, त्या माणसाचं हे मत. त्यांचा आक्षेप चिठ्ठीनं फिरणाऱ्या जागांना होता. मतदारसंघ पुढच्या वेळी आपला नसणार हे माहीत असेल तर त्याची मशागत कोण करेल? त्यांचं विरोधात मत देणं मला पटलं नाही, आजही पटत नाही. पण आक्षेप खरा होता आणि त्याला कुणी नीट उत्तर दिलं नाही.

उत्तर अभ्यासांत सापडतं. रिखिल भवनानी या अभ्यासकानं मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. जे प्रभाग आधी स्त्रियांसाठी राखीव होते आणि नंतर खुले झाले, तिथं बाई निवडून येण्याची शक्यता कधीच राखीव नसलेल्या प्रभागांच्या सुमारे पाचपट होती. म्हणजे एकदा दार उघडलं की काही बायका आत टिकतात. पश्चिम बंगालमधल्या ग्रामपंचायतींच्या अभ्यासात असं दिसलं की सरपंचपद लागोपाठ दोन वेळा राखीव राहिलं की बाई पुढाऱ्याविषयीचा लोकांचा पूर्वग्रह बराच ओसरतो. शिवाय तिथले आईबाप मुलासाठी आणि मुलीसाठी जी स्वप्नं पाहतात त्यांतली दरी कमी होते. पहिल्या खेपेला गाव नाक मुरडतं, दुसऱ्या खेपेला कामाकडे बघतं. मग आपण दर पाच वर्षांनी चिठ्ठी का फिरवतो? तमिळनाडूत एक आरक्षण दोन निवडणुकांपर्यंत कायम ठेवण्याची पद्धत राहिली आहे. महाराष्ट्रानं ती घेतली तर माणमधल्या बाईंसारख्यांना दहा वर्षं मिळतील आणि दहा वर्षांत नवऱ्याच्या फोटोची गरज उरणार नाही.

घराणेशाहीबद्दलही भाची बरोबर आहे. आमदारांच्या बायका, सुना, मुली राखीव जागा अडवतात. फक्त एवढंच, की आमदारांचे मुलगे, पुतणे, जावई खुल्या जागा अडवतात तेव्हा तिला गुणवत्तेची आठवण यायला हवी. आणि नवऱ्याच्या नावावर आलेली प्रत्येक बाई बाहुलीच राहते असंही नाही. मी ज्यांना सह्या करायला शिकवलं त्यांतल्या कितीतरी जणी अशाच आल्या होत्या. गावाला खरी अडचण होते ती बाई बाहुली राहात नाही तेव्हा. जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडा गावच्या महिला सरपंचांना अतिक्रमणाचा आरोप ठेवून पदावरून हटवण्यात आलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पद परत दिलं. निवडून आलेल्या स्त्रीच्या हुकमाखाली राहणं गावकऱ्यांना सहन झालं नाही, हे न्यायालयानं स्पष्ट शब्दांत नोंदवलं.

माझ्या पिढीच्या मैत्रिणींनाही एक सांगायचं आहे. तरुण मुलींवर ओरडू नका. अमेरिकेत २०१६ साली हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारात मॅडलिन ऑलब्राइट यांनी बायकांना मदत न करणाऱ्या बायकांना नरकाची भीती घातली आणि ग्लोरिया स्टायनेम यांनी तरुण मुली मुलांच्या मागे क्लिंटन यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांच्याकडे जातात असं सुचवलं. दोघींनाही नंतर माफी मागावी लागली. न्यू हॅम्पशायरच्या प्राथमिक निवडणुकीत बहुसंख्य स्त्रियांनी सँडर्स यांनाच मत दिलं, तरुणींनी तर फारच मोठ्या प्रमाणात. आम्ही तुमच्यासाठी लढलो, आता ऐका, असं म्हटलं की मुली निघून जातात, आणि त्यांनी जावंही. माझ्या भाचीला उमेदवार बाई आहे म्हणून मत द्यायचं नाही, हा तिचा अधिकार आहे. तो अधिकार तिला मिळावा म्हणूनच तर एवढ्या पिढ्या झिजल्या. कुठलीही बाई पुरुषाइतकीच भ्रष्ट, तितकीच धर्मांध, तितकीच आळशी असू शकते. आरक्षण तिला चांगलं ठरवत नाही. ते फक्त तिला रांगेत उभं राहू देतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये संसदेनं लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा स्त्रियांना देणारी १०६ वी घटनादुरुस्ती संमत केली. लोकसभेत विरोधात फक्त दोन मतं पडली. पण अंमल जनगणना आणि त्यानंतरची मतदारसंघ पुनर्रचना झाल्यावर, आणि त्यातही इतर मागासवर्गीय स्त्रियांसाठी वेगळा वाटा नाही. १९४२ साली नागपूरनं विचारलेला प्रश्न, कुठल्या स्त्रिया, हा अजून तसाच उभा आहे. मंडलनंतरच्या पिढीतल्या ज्या स्त्रिया तो विचारतात त्यांना फुटीर म्हणणं थांबवलं पाहिजे.

सोडतीनंतर आमच्या गावात तिघींचे अर्ज पडतील. चौथाही पडावा यासाठी मी अंगणवाडीतल्या एका मदतनीस बाईंशी बोलते आहे. मानधनी पदावर असताना उभं राहता येतं का, राजीनामा द्यावा लागेल का, हे आधी तहसीलमधून लेखी विचारून घेणार आहे. आत्यानं आरक्षणाचा विरोध कायम ठेवून त्यांच्या प्रचाराला घरोघरी यायचं कबूल केलं आहे.

भाचीला आणि तिच्या वयाच्या मुलींना माझी एकच विनंती आहे. गुणवत्ता जरूर मागा, मोठ्यानं मागा. पण ती आधी तिकीट वाटणाऱ्यांकडे मागा. पुढच्या निवडणुकीत तुमच्या प्रभागात, तुमच्या गटात मत मागायला जो पक्ष येईल त्याला दारातच विचारा: राखीव जागा सोडून खुल्या जागांवर तुम्ही किती बायका उभ्या केल्यात? आणि आकडा सांगितल्याशिवाय त्याला पुढच्या घरी जाऊ देऊ नका.